डावा डोळा भिंगाला

कांदा मी नेला होता. बाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "उद्या कुणीतरी एक कांदा आणा," आणि आमच्या वर्गाची रीत अशी की 'कुणीतरी' म्हटलं की कुणीच आणायचं नाही. मला हे ठाऊक होतं, म्हणून मी आईच्या टोपलीतला चांगला टपोरा कांदा दप्तरात टाकला. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला वर्षभर त्याचा वास येत राहिला. पुढे जे झालं त्यात बिचाऱ्या कांद्याचा काही दोष नव्हता. तरी अजून कांदा चिरताना आतला पातळ पापुद्रा बोटाला चिकटला की मी क्षणभर सुरी खाली ठेवते.

तेव्हा मी नववीत होते. आमचं घर पोशीरला आणि हायस्कूल नेरळच्या बाजूला. शाळेत मायक्रोस्कोप एकच होता. तो मुख्याध्यापकांच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात, जुन्या ढाली आणि पृथ्वीचा गोल यांच्या मधे उभा असायचा. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडायचा, हळदकुंकू लागायचं आणि पुन्हा कपाटाला कुलूप. पाचवीपासून आम्ही त्याचं असं दर्शनच घेत आलो होतो. त्यातून काहीतरी बघायचं असतं, ही गोष्ट फक्त पुस्तकात होती. परीक्षेत त्याच्या आकृतीला नावं द्यायला यायची: नेत्रभिंग, वस्तुभिंग, मंच, आरसा. मला ती सगळी तोंडपाठ होती आणि त्याचे मार्क माझे कधी गेले नाहीत.

त्या वर्षी विज्ञानाला नवीन बाई आल्या. त्या मोहोपाड्याच्या, मिस्टर तिकडे कारखान्यात. चौक, कर्जत असं करत रोज एसटीने यायच्या आणि येतानाच अर्ध्या चिडलेल्या असायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते कपाट उघडायला लावलं, मायक्रोस्कोप बाहेर काढला, स्वतःच्या रुमालाने त्याच्यावरचं हळदकुंकू खरवडून पुसलं आणि म्हणाल्या, "याची पूजा बास झाली. आता याला कामाला लावू या." आमच्या शिपाईमामांना ते अजिबात आवडलं नाही. मला मात्र बाई तिथेच आवडल्या.

खिडकीजवळ टेबल लावलं. बाईंनी खालचा आरसा आभाळाकडे वळवला. कांद्याच्या पाकळीच्या आतला पापुद्रा चिमट्याने सोलला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला, त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकला आणि वरची पातळ काच सुईच्या टोकावर टेकवून हळूहळू खाली सोडली, म्हणजे आत बुडबुडे राहत नाहीत. आम्ही सगळे टेबलाभोवती गर्दी करून श्वास रोखून उभे. "नीट ऐका," बाई म्हणाल्या. "आधी लहान भिंग. मोठा स्क्रू फिरवताना बाजूने बघायचं आणि नळी खाली आणायची. मग डोळा लावायचा आणि नळी वर न्यायची. डोळा लावून खाली आणलीत तर काच फुटेल, आणि काच फुटली तर मी तुम्हाला फोडेन."

माझा नंबर आला. मी डाव्या डोळ्यावर हात ठेवला, उजवा नळीला लावला, बारीक स्क्रू थोडा फिरवला आणि मोठ्यांदा "अगं बाई!" असं ओरडले. सगळा वर्ग हसला. पण मी खरंच हादरले होते. बाबा माथेरानला एका हॉटेलात कामाला होते. त्यांनी मला एकदा वर नेलं होतं आणि कड्याच्या टोकाला उभं करून खाली आमची शेतं दाखवली होती. खाचरं आणि त्यांचे बांध, एकाला एक लागून, पार लांबपर्यंत. कांद्यात तेच होतं. प्रत्येक खाचरात एक गडद ठिपका, जणू कुणी आवणीला, भाताची रोपं लावायला, वाकलंय. मी रोज हे चिरत होते, भाजत होते, भाकरीबरोबर खात होते, आणि कुणी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. त्या दुपारी डबा उघडला तर कांद्याची भाजी. मी ती मैत्रिणीला देऊन टाकली.

एवढा धक्का त्या आठवड्याला पुरेसा होता, पण दुसऱ्या दिवशी चित्र काढायचं होतं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: डावा डोळा भिंगाला, उजवा डोळा कागदाला. मग समजावून सांगितलं की एकही डोळा मिटायचा नाही. वही मायक्रोस्कोपच्या उजव्या बाजूला ठेवायची, डाव्या डोळ्याने नळीत बघायचं, उजव्याने वहीकडे. "सुरुवातीला चक्रावल्यासारखं होईल. मग दोन्ही एकावर एक येऊन बसतं. तुम्ही फक्त पेन्सिल फिरवायची." एकाच वेळी दोन ठिकाणी बघायचं, या कल्पनेनेच पोरं खिदळायला लागली. पहिला नंबर माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा होता. ती बराच वेळ वाकून राहिली, आणि मग एकदम किंचाळली, "बाई, कांदा वहीत आला!" ती खरंच भराभर रेघा ओढू लागली. मग सगळ्यांनाच ते बघायची घाई झाली.

मी बसले. वही उजवीकडे, पेन्सिल हातात. डावा डोळा नळीला लावला.

आत पिवळट उजेड होता. बस्स, उजेड. बांध नाहीत, खाचरं नाहीत, ठिपके नाहीत. मला वाटलं आधीच्या पोराने स्क्रू हलवला असेल. मी बारीक स्क्रू फिरवला. तोच उजेड. मोठा फिरवला. उजेड जरा गढूळ झाला आणि पुन्हा तसाच. मागून पोरं ओरडायला लागली, "आवर की गं, झोपलीस का?" मी आणखी फिरवला, डोळा न काढता, आणि खालून बारीक कट असा आवाज आला.

बाई धावत आल्या. काच फुटली होती. नशिबाने भिंगाला काही झालं नव्हतं. बाईंनी जे काही ऐकवलं ते सगळं मी लिहीत नाही. त्यात माझं लक्ष, माझे हात आणि माझ्या डोक्यात भरलेली माती हे सगळं आलं. मी मान खाली घालून उभी. मग त्यांनी स्वतः नवीन काचपट्टी तयार केली, स्वतः डोळा लावून सगळं स्वच्छ जुळवून दिलं आणि म्हणाल्या, "आता हात मागे बांध. कशाला हात लावायचा नाही. नुसतं बघ. दिसतंय?"

मी डावा डोळा लावला. "नाय बाई."

"काय नाय? मी आत्ता बघितलंय. भिंती दिसतायत लख्ख."

"उजेड दिसतोय, बाई."

"काल तर अगं बाई म्हणून बोंबललीस! आज काय झालं? आधी काच फोडायची आणि वर नाटकं करायची?"

पुन्हा हशा. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि रागही आला होता, कारण मी नाटकं करत नव्हते. मी गुपचूप मान सरकवून उजवा डोळा लावला. कांदा आला. सगळी खाचरं जिथल्या तिथे. पुन्हा डावा लावला. उजेड. उजवा, कांदा. डावा, उजेड. मायक्रोस्कोपच माझी मस्करी करतोय असं मला वाटलं.

मग मी ताठ उभी राहिले आणि, का कोण जाणे, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

वर्ग गेला. अंधार झाला असं नव्हे, उजेड होताच. खिडकीच्या जागी एक पांढरा फराटा होता, पोरांच्या जागी निळा गिलावा, आणि माझ्यासमोर बाईंच्या साडीचा हिरवा रंग उभा होता. वर केसांचा काळा डाग, मधे काहीच नाही. मी हात काढला. बाईंचा चेहरा आला, रागाने लाल झालेला. हात ठेवला, चेहरा गेला.

"बाई," मी म्हटलं, "तुमाला तोंड नाय."

वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. बाईंचा हात वर उठलेला मला दिसला, म्हणजे उजव्या डोळ्याला दिसला. पण तो खाली आला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काय ओळखलं त्यांचं त्यांना माहीत. त्या पुढे आल्या, स्वतःचा तळहात माझ्या उजव्या डोळ्यावर घट्ट दाबला. त्याला खडूचा वास येत होता.

"बोटं किती?"

"कुठली बोटं?" मी विचारलं.

मग कुणी हसलं नाही. बाईंनी हात काढला. त्यांची तीन बोटं माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर होती. "कधीपासून असं आहे?" त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं की मला आणखीनच भीती वाटली. मला काय सांगता येणार? डाव्या डोळ्याने एकट्याने काही बघायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. उजव्या हाताने आपण लिहितो, डावा नुसता वही धरायला असतो, तसंच काहीतरी डोळ्यांचं असेल. मी हे बाईंना सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या आणि पदराने घाम पुसू लागल्या.

शाळा सुटली आणि मी घरी निघाले. मी वाटेत सारखी थांबून एकेक डोळा झाकून बघत होते. झाड होतं, झाड नव्हतं. म्हैस होती, म्हैस नव्हती. आणि चालता चालता एकेक जुनी गोष्ट माझ्या अंगावर यायला लागली. मी चहा ओतला की तो कपाच्या कडेला, बशीत सांडायचा. आमच्या दाराच्या डाव्या चौकटीला माझा खांदा आपटला नाही असा दिवस जायचा नाही. पोरं चेंडू टाकायची आणि तो माझ्या छातीवर येऊन आदळेपर्यंत मला तो नक्की कुठे आहे ते कळायचं नाही. आवणीला माझी ओळ हमखास वाकडी जायची आणि आई बांधावरून ओरडायची, "लक्ष कुटं हाय गं तुजं?" घरात माझं नाव वेंधळी. मामा आला की विचारायचा, "आमची वेंधळी कुठाय?" मीही हसून ओ द्यायचे. इतकी वर्षं मी ते नाव माझं समजून वागवत होते, आणि ते माझ्या एका डोळ्याचं होतं. मला इतका राग आला की मी रस्त्यातल्या दगडाला लाथ मारली. ती हुकली.

आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "चांगलं तर दिसतंय तुला. सुईत दोरा ओवतेस, पुस्तक वाचतेस."

"उजव्यानं, आये."

"मग डाव्याला काय झालं? आणि मराठी शाळंत दरसाल डोळं तपासायला येतात ना? ते डॉक्टर काय आंधळं होतं का?"

आमच्या प्राथमिक शाळेत डोळे तपासायचे म्हणजे काय व्हायचं, ते मला लख्ख आठवलं.

आमचे गुरुजी फार चांगले होते, हे आधी सांगते. गावातली कितीतरी पोरं त्यांच्यामुळे शिकली. पण कुठलीही तपासणी येणार म्हटलं की गुरुजींना दुसरं काही सुचायचं नाही. साहेब येणार असले की आम्ही शाळा सारवून लखलखीत करायचो, पाढे घोकायचो, स्वागतगीत बसवायचो. डोळ्यांचे डॉक्टर येणार म्हटलं तरी गुरुजींच्या लेखी ती तपासणीच. पहिल्या वर्षी आलेल्या लोकांनी अक्षरांचा एक तक्ता शाळेला दिला होता. तो गुरुजींनी भिंतीवर, पाढ्यांच्या शेजारी टांगला आणि आमच्याकडून पाठ करून घेतला. आपल्या शाळेचं एकही पोर नापास व्हायला नको, एवढाच त्यांचा हेतू. पाढे झाले, वंदना झाली की आम्ही तक्ता म्हणायचो, एका सुरात. र! ग, भ! प, न, ल! पार शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. डॉक्टर यायचे, तोच तक्ता लावायचे, आम्ही रांगेने उभे राहायचो, एक डोळा झाकायचो आणि खणखणीत आवाजात म्हणून मोकळे व्हायचो. डॉक्टर म्हणायचे, "या शाळेतली मुलं एकदम फर्स्टक्लास." गुरुजी खूश, आम्हाला गोळ्या वाटायचे.

मला आठवलं की उजवा झाकून नुसता डावा डोळा उघडा असतानाही मी तो तक्ता कधी चुकले नव्हते. समोर काही दिसत नाहीये, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणायला सांगितलं, मी म्हटलं.

हे आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसून राहिली. मग म्हणाली, "माज्याच हातानं लहानपणी काजळ घातलं व्हतं तुला. त्या डोळ्यात लई पाणी यायचं." आणि रडायला लागली. आईला मी क्वचितच रडताना पाहिलं होतं. मला तेही सहन होईना.

बाई आमच्याबरोबर कर्जतला डॉक्टरांकडे आल्या. सुट्टी टाकून, मोहोपाड्याहून. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, थांबवलं, बॅटरीने आत बघितलं, वेगवेगळी भिंगं लावली. मग सांगितलं की डोळा निरोगी आहे, काजळाचा काही संबंध नाही. त्या डोळ्याचा नंबर लहानपणापासून फार मोठा आणि दुसऱ्याचा नाही. मेंदूला एका बाजूने स्वच्छ चित्र मिळत होतं, म्हणून त्याने दुसऱ्या बाजूचं ऐकणं सोडून दिलं. चांगला डोळा झाकून वाईट डोळ्याला कामाला लावलं की तो शिकतो. "पण हे लहानपणी करायचं असतं," डॉक्टर म्हणाले. "पहिली-दुसरीत आणली असती तर चित्र वेगळं असतं. आता चष्मा देतो, पट्टी बांधून बघू. थोडाफार फरक पडेल. फार आशा धरू नका."

मी ते ऐकलं. आईने ऐकलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पहिली-दुसरीत मी काय करत होते? तक्ता म्हणत होते आणि गोळ्या खात होते.

आम्ही उठलो तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "हिला भावंडं आहेत का? असतील तर त्यांनाही दाखवा. कधी कधी घरात असतं हे."

मला एक बहीण होती. आहे. ती त्या वर्षी पहिलीत होती, त्याच शाळेत, त्याच गुरुजींच्या हाताखाली.

घरी पोचलो तेव्हा बहीण ओटीवर सागरगोटे खेळत होती. वर उडवलेला सागरगोटा तिच्या हाताला लागून खाली पडला. मी आधी हे शंभरदा बघितलं होतं आणि शंभरदा तिला धांदरट म्हटलं होतं. त्या दिवशी मात्र मी तो उचलून तिच्या हातात दिला.

आईने भाकरी टाकायला घेतली, पण तिचं सगळं लक्ष आमच्याकडे. मी बहिणीला दारात उभं केलं. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, मोठ्या लाल-काळ्या मराठी आकड्यांचं. "आपण एक गंमत करू," मी म्हटलं. आणि तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. "मी बोट ठेवायला सांगते आईला. तू आकडा सांग." आई उठून कॅलेंडरपाशी गेली आणि मनाला येईल तिथे पिठाचं बोट टेकवू लागली. बहिणीने पटापट सांगितलं. बारा, सात, वीस. एकही चुकला नाही. आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

मग मी हात उजव्या डोळ्यावर ठेवला.

बहिणीने मान थोडी वाकडी केली, माझा हात ढकलायचा प्रयत्न केला. मी तो सोडला नाही. "सांग ना," मी म्हटलं. "काय हाय तिथं?" माझा आवाज बहुतेक शाळेतल्यासारखा कडक झाला असावा. कारण तिने पाय जुळवले, हात सरळ खाली सोडले, छाती पुढे काढली आणि मोठ्या, खणखणीत आवाजात सुरू केलं.

"र! ग, भ! प, न, ल!"

समोर कॅलेंडर होतं. आई होती, एका आकड्यावर बोट ठेवून उभी. कॅलेंडरवर ना र होता ना ग. बहीण म्हणत राहिली, एकेक ओळ, न अडखळता, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. मग थांबली आणि शाबासकीची वाट बघू लागली. कुणीच बोलेना तेव्हा ती घाबरली. माझ्या हाताखालून म्हणाली, "ताई, बरोबर म्हटलं ना गं? मला सगळं पाठ हाय."

तव्यावरची भाकरी करपली. आईने ती तशीच चुलीत ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तडक शाळेत गेली आणि मी तिच्या मागे. वर्ग भरला होता. पोरं पाढे म्हणत होती आणि त्यानंतर तक्ता येणार हे आम्हा दोघींना माहीत होतं. आईने गुरुजींना बाहेर बोलावलं आणि जे झालं ते सांगितलं. ओरडायचं ठरवून आली होती, पण तिला ओरडताच येईना. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते आत गेले, खुर्चीवर चढले आणि तो तक्ता भिंतीवरून काढला. खाली उतरताना त्यांचा तोल गेला, मी हात धरला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझा कुठला, बाळ?" मी डावा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि तक्ता उलटा करून टेबलावर ठेवला. पोरं आपली तक्त्याची वाट बघत होती.

कर्जतच्या त्याच डॉक्टरांनी बहिणीलाही चष्मा दिला आणि तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी आली. चांगला डोळा झाकायचा आणि वाईट डोळ्याने दिवसभर जगायचं, हे पहिलीतल्या पोरीला कोण समजावणार? ती पट्टी फाडून फेकायची. दारावर आपटायची, ताटातली भाजी तिला सापडायची नाही, गल्लीतली पोरं तिला चिडवायची. माझ्याही डोळ्यावर पट्टी होती, म्हणून आमची दोघींची वरात निघायची. पण माझं मन दुसरीकडे होतं. माझा डोळा जितका यायचा तितका आला. आज बाई समोर उभ्या राहिल्या तर त्यांना तोंड आहे एवढं डाव्याला कळेल, पण त्या हसतायत की चिडल्यात ते कळणार नाही. बहुधा चिडल्याच असतील. मी हे तेव्हाच मानलं होतं. बहिणीचं मात्र मी मानायला तयार नव्हते. तिची पट्टी मी दर वेळी उचलून पुन्हा चिकटवायचे, ती मला चावायची, बोचकारायची, "तू वाईट हायस" म्हणायची. मी ऐकून घ्यायचे.

रोज संध्याकाळी मी तिला दारात उभी करायचे आणि आई कॅलेंडरवर बोट ठेवायची. "काय हाय?"

"नाय दिसत."

रोज तेच. आवणी झाली, भात पोटरीला आलं, बाबा माथेरानहून आले आणि गेले. "नाय दिसत." मी आतून धास्तावत चालले होते. डॉक्टर म्हणायचे, धीर धरा. धीर कशाला म्हणतात ते डॉक्टरांना सांगायला सोपं.

मग एका संध्याकाळी आईने असंच बोट ठेवलं. बहीण रोजच्यासारखी फुरंगटून उभी होती. ती "नाय" म्हणायला लागली आणि थांबली. मान पुढे काढली. चष्म्यातून, एका उघड्या डोळ्याने, कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. इतका वेळ की आईचा हात अवघडला.

"नऊ?" ती म्हणाली.

आईचं बोट एकवर होतं. आईचा चेहरा पडला. "चुकली गं," ती पुटपुटली आणि हात खाली घेतला.

तक्ता म्हणताना माझी बहीण कधीच चुकली नव्हती. मीही नव्हते. आज ती चुकली होती, कारण आज ती बघत होती. तिथे खरंच काहीतरी वाकडं, गोल डोक्याचं, शेपटीचं होतं आणि ते तिच्या डोळ्याला जेवढं दिसलं तेवढं तिने सांगितलं होतं.

"आये, बोट काढू नको," मी म्हटलं. "तसंच ठेव." आणि बहिणीला म्हटलं, "पुन्हा बघ."